एकशे त्र्याहत्तर

दिंडोरी रोड, कोल्ड स्टोरेज, रात्रीचे पावणेदोन.
तीन नंबरच्या खोलीत थॉमसनची सोळा टन द्राक्षं,
आणि तिथलं तापमान मोजणारा डबा
संध्याकाळपासून स्क्रीनवर नाही.
दुपारी राऊटर बदलला. जुने पत्ते
जुन्या राऊटरबरोबर भंगाराच्या पोत्यात.

उरलंय डब्याच्या पोटावरचं स्टिकर.
टॉर्च दातांत धरून तळहातावर उतरवलं:
बारा अक्षरं, दोन-दोनच्या जोड्या, शेवट सी-सात.
कारखान्यातून निघताना गोंदलेलं, मोडेपर्यंत तेच.
पण आता हा कुठल्या नंबरात राहतो
ते गोंदणात नसतं.

पेखळे वॉचमन कानटोपी वर सारून विचारतात,
मग कसा हुडकणार, मॅडम?
म्हटलं, दारोदार.
एकपासून दोनशे चोपन्नपर्यंत टकटक,
सिडकोत नवा गॅसवाला फिरतो तशी.

कॅमेरे बोलले, प्रिंटर बोलला,
शेठच्या केबिनमधला टीव्हीसुद्धा.
आपला डबा हाकेला ओ देत नाही, तशी सवयच त्याची.
पण हाक दारात पोचायच्या आधी
गल्लीभर एक पुकारा होतो: अमुक नंबर कुणाचा?
तिथं गप्प राहता येत नाही.
माझा, एवढंच म्हणतो तो,
आणि यादीत त्याची ओळ उमटते.

रामकुंडावर गायधनी गुरुजींची वही असते तसं, पेखळे म्हणाले.
तसंच. फक्त ती वही पणजोबांना धरून ठेवते,
ही चार मिनिटांत विसरते.

सी-सात. सापडला. एकशे त्र्याहत्तर.
एक पूर्णांक दोन अंश. माल शाबूत.

मग ते जरा थांबून म्हणाले,
आमचा धाकटा, केरू. शिलापूरहून गेला त्याला एकोणीस वर्षं.
डाव्या भुवईत खोक आहे, विळ्याची.
खूण पक्की आहे, मॅडम.

मी की-बोर्डवरचं बोट उचललं.
काका, खूण आपल्या गल्लीतच चालते.
राऊटरच्या पलीकडे ती जात नाही,
तिथं नुसते पत्ते, पत्त्यावर पत्ते.
म्हंजे वेशीपर्यंत, ते म्हणाले.
वेशीपर्यंत.

निघताना राऊटरमध्ये एक ओळ टाकली:
सी-सात कधीही येवो, वीज जाऊन येवो,
एकशे त्र्याहत्तर त्याचाच, दुसऱ्याला द्यायचा नाही.
पेखळे खांद्यावरून बघत होते.

असं राखून ठेवता येतं, होय?

मग रजिस्टरात माझी जायची वेळ लिहिली, दोन चाळीस,
आणि गेटची कडी
घातली नाही लगेच.