दुसरा हॉर्न

बँडमध्ये मी दुसरा हॉर्न.
पहिला डॉक्टर व्रानोव्स्की वाजवतो,
त्याच्या वाट्याला चाल येते.
माझ्या वाट्याला 'पा'.
युदिताचा ट्यूबा म्हणतो पूम्, मी म्हणतो पा.
चोवीस वर्षं झाली,
लग्नांत, मयतांत, अग्निशमन दलाच्या वर्धापनदिनी
मी एवढंच म्हणत आलोय.

दिवसा पाण्याचे मीटर वाचतो.
टॉर्च दातांत धरून तळघरांत उतरतो,
आकडे वहीत मांडतो.
कुणाचा कोबी यंदा नीट आंबला नाही,
कुणाचा नवरा खालीच पथारी टाकून असतो,
सगळं दिसतं. वहीत त्याला रकाना नाही.

मंगळवारी तालीम. शुक्रवारी मॅच.

आमचा हॉकी संघ तिसऱ्या श्रेणीत सातवा.
गेल्या वर्षीही सातवा.
ह्रोनकाठची फाउंड्री कधीच बंद पडली,
तिची चिमणी पाडली तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो,
पण जर्सीवर, छातीपाशी,
ती अजून धूर सोडते.
रिंकच्या पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा.
तिसरी रांग, थर्मासमध्ये चहा,
चहात थोडं बोझेनाला न सांगण्यासारखं,
आणि शेजारी म्हातारा ओंद्रेय,
जो प्रत्येक पंचाला
त्याच्या आईपासून ओळखतो.

जानेवारीत कुबिशने मारलेला पक
काचेवरून आला.
सतरा नंबरचा कुबिश.
त्याच्या एका गोलसाठी नऊ हिवाळे घसा फोडला,
आणि त्याला नेम सापडला तो
माझ्या वरच्या ओठावर.

पाच टाके.
घातले व्रानोव्स्कीनेच.
"तीन महिने हॉर्न बंद," तो म्हणाला,
"मॅचला जा हवं तर. तोंड मिटून."

तोंड मिटून मॅच बघणं
म्हणजे दुसऱ्याच्या तळघरात
उगाच उभं राहणं.

कुबिश घरी आला, आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी घेऊन.
दारात मावेना.
म्हणाला, "मुद्दाम नाही मारला."
मी म्हणालो, "माहीत आहे.
मुद्दाम मारला असतास तर लागला नसता."
तो हसला. पुढचे दोन दात नाहीत त्याला.
मला हसता येत नव्हतं, टाके ओढत होते,
तरी हसलो, रक्त आलं,
बोझेनाने दोघांना पातळ सूप वाढलं.

रात्री हॉर्न मांडीवर घेऊन
नुसत्या कळा दाबायचो. टक, टक.
"काय चाललंय?" ती अंधारातून विचारायची.
"पा," मी म्हणायचो.

मार्चमध्ये अग्निशमन दलाचा समारंभ.
पहिल्यांदाच खुर्चीत बसून आमचा बँड ऐकला.
खरं सांगतो, मनात होतं
की कुठेतरी अडखळावेत.
नाही अडखळले.
टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या.
फक्त तिसऱ्या पोल्कात, प्रत्येक पूम् नंतर
एक बारीकसं भोक होतं,
मोज्याला अंगठ्यापाशी पडतं तेवढं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
मी खाली पाहिलं तर
बोझेनाच्या बुटाची टाच
बरोब्बर त्या भोकावर पडत होती.
ती समोर बघत होती. तिला ठाऊक नसावं.
मीही विचारलं नाही.

आता ओठात एक गाठ आहे, मसुराएवढी,
नेमकी तिथेच जिथे माउथपीस टेकतं.
माझा पा केसभर उशिरा येतो.
युदिता आधी वैतागली,
मास्तरांकडे तक्रारही केली,
मग गेल्या मंगळवारपासून
ती केसभर थांबायला लागली.

शुक्रवारी पाच-दोन हरलो.
दोनांतला एक कुबिशचा.
ओंद्रेयने माझ्याकडे बघून
स्वतःचा ओठ हाताने झाकला.