एक ते पाच

खात्याकडून फॉर्म आलाय मोबाइलवर:
आपण आपल्या कामाबद्दल किती समाधानी आहात?
एक ते पाच, कोणताही एक गोल निवडा.

उत्तरेश्वर पेठेत, पत्र्याखालच्या दोन खोल्यांत
बत्तीस वर्षं बसतोय मी.
हे कुणी विचारलं नव्हतं.

आधी खोकला यायचा दारातून, मागनं माणूस.
हा रावसू, उद्यमनगरच्या फाउंड्रीतली वाळू
छातीत भरून आलेला.
ही तालमीमागची शेवंता, धाप लागलेली,
जिच्या घरात गॅस फक्त पाहुण्यांपुरता पेटतो.
दस्तगीर चिठ्ठी फाडायचा.
पैसे ड्रॉवरमध्ये, उधारी डोक्यात.

आता आधी चौदा आकडे येतात.
मग ओटीपी. मग अंगठा.
नेमगोंडा हुपरीहून येतो. चांदी घासून घासून
रेषाच उरल्या नाहीत त्याच्या बोटांवर.
मशीन म्हणतं, पुन्हा ठेवा.
तो पुन्हा ठेवतो.
'मीच हाय की वो,' म्हणतो, मला नाही, मशीनला.
मी त्याच्याकडे बघत नसतो,
स्क्रीनवर फिरणाऱ्या चक्राकडे बघत असतो.
तेवढ्यात अर्धा डिग्री ताप चढला असेल त्याचा.

खोटं कशाला बोलू?
याच आकड्यांवर दस्तगीरच्या मेहुण्याची बायपास झाली,
एक रुपया न मोजता.
पूर्वी असता, तर पाठ थोपटून
'तिखट कमी करा' म्हणत घरी पाठवला असता.
तसे पाठवलेत मी. जुन्या वहीत आहेत.
त्यांच्या नावापुढे आकडा नाही,
नुसती एक तिरकी रेघ.

अडीच महिन्यांचे क्लेम अडकलेत.
कारण: स्वाक्षरी अस्पष्ट.
कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला कळते की!
मुलगी विचारते, 'बाबा, दवाखाना चालवता की सायबर कॅफे?'
ती रेडिऑलॉजी करते. अंधाऱ्या खोलीत
छात्या बघते, बिनखोकल्याच्या.

काल इंदाक्का आली, बावड्याहून, रिक्षानं.
दुखत काहीच नव्हतं.
'जरा बसतो,' म्हणाली,
आमच्याकडच्या बायका बोलतात तसं, बाप्यासारखं.
निदानाचा रकाना मोकळा सोडता येत नाही,
लाल होतो.
रक्तदाब, असं लिहिलं मी.
ओटीपी गेला शीतलच्या फोनवर, तिच्या थोरल्याच्या, बेंगलोरला.
दोन मिनिटांत त्याचाच फोन: 'आईला काय झालं?'
चार महिन्यांनी त्याचा आवाज आला,
माझ्या टेबलावर, स्पीकरवर.
'काय न्हाई रं,' म्हणाली ती,
आणि बराच वेळ फोन ठेवलाच नाही.
बाहेर अकरा जण ताटकळत होते.
मी काही तिला उठवलं नाही.
जाताना काकवीची बाटली ठेवून गेली,
बुचातनं पाझरणारी.

आज सकाळी हजेरीला
मशीन मलाच म्हणालं, पुन्हा ठेवा.
तीनदा पँटला पुसला अंगठा. चिकटच.
'मीच हाय की गा,' तोंडातून गेलं.
दस्तगीर हसत हसत फडकं आणायला आत गेला.

फॉर्म उघडाच आहे.
पाचही गोल रिकामे.
बाहेर रावसू खोकतोय,
आणि हा खोकला
नेहमीचा नाही.