डाग

एकतीस वर्षं नोटा तपासल्या, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
शाई फुटलेली, नंबर घसरलेला,
कोपरा दुमडून छापलेला कागद
बाजूला काढायचा. सही करायची. पुढचा.
सुटताना गेटवर हात वर.
लोखंडे माझ्या मुलाच्या बारशाला जेवून गेला होता,
तरी रोज बगला चाचपायचा.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात
सराफ बाजारात, नवलमलच्या पेढीवर
एक रुपया घेतला. राणीचा, बासष्ट सालचा.
मुठीत धरून निघालो
आणि पायरीवर उगाच थांबलो.
कुणी आलं नाही.

तेव्हापासून हे लागलंय.
बासष्टच्या रुपयावर ठिपके असतात,
मोहरीहून बारीक. ते मोजायचे.
माझ्या डोळ्यांना दुसरं येतं तरी काय!
नखावर उडवून ऐकायचं:
चोख नाणं बराच वेळ बोलत राहतं,
कडी डकवलेलं बद्द वाजतं, लगेच गप्प.
नवलमल म्हणतो, काका, डागाचा माल घेऊ नका,
तो मुशीतच जायचा.

परवा पेठकडची एक बाई बसली होती.
पदराच्या गाठीतून सात रुपये काढले,
सातही कडीचे, गळ्यातून उतरवलेले.
नवलमलने काटा पुढे ओढला.
मी एक उचलून भिंगाखाली धरला.
मागची वेलबुट्टी कालची वाटावी अशी.
पुढे राणीला नाक नाही, डोळा नाही,
नुसता चपटा उजेड.

बाजारात फिरलेलं नाणं दोन्हीकडून झिजतं.
हे एकाच बाजूने,
आतल्या.
वाकताना, उठताना, लावणीच्या चिखलात,
पोर पाजताना.

कुणाचा, विचारलं.
"डाग आमचाच हाये," ती म्हणाली,
"सासूचा. तिच्या सासूचाबी असंल."

डाग.
आईसुद्धा दागिन्याला डागच म्हणायची:
थोरलीच्या लग्नात घरात एक डाग राहिला नाही.
इतकी वर्षं मी हा शब्द
फक्त कडीच्या जागेसाठी वापरत होतो.

तो एक मी घेतला. भावापेक्षा थोडा वर,
फार नाही, मी काही दानशूर नाही.
बाईने पैसे दोनदा मोजले
आणि कोऱ्या नोटा उजेडात धरून पाहिल्या.

रात्री वही उघडली. नाणं, साल, वजन.
'अवस्था'च्या रकान्याशी अडलो.
शेवटी 'सदोष' लिहिलं, सही केली,
आणि सवयीने पुढचा घ्यायला हात गेला.

पुढचे सहा तोवर
नवलमलच्या मुशीत होते.