दोन डोळ्यांची पुंगळी

कुह्मोच्या दुकानात टेनहुनेननं
काउंटरवर हिरवं फडकं अंथरलं
आणि सोनार चमक्या दाखवतो
तशा पिना मांडल्या.

"कुठली मोडली?"
मी आगपेटी उघडली.
आत सुईच्या टोकाएवढा तुकडा.
उरलेला साच्याच्या दांडीत, घट्ट.

"हिला डोकं आहे, हिला नाही.
डोकं असलेली वरून सोडायची, नटानं आवळायची.
बिनडोकी नुसती चिमटीत राहते."
शाळेची बस चालवते मी,
दोन्ही प्रकार रोज बघते. बोलले नाही.

"मग जाडी. पुंगळीचं नेढं बारीक असेल
आणि पिन जाड,
तर ती आत जाईल गं,
पण येताना पुंगळीला सोबत घेऊन येईल.
आता हे बघ. ही महाग, ही वाकते.
ही स्वस्त. ही मोडते."

मोडेन पण वाकणार नाही, असं छाती ठोकून
सांगणारे पुरुष आमच्या शिकारमंडळात
पुष्कळ आहेत.
पिनेला छाती नसते.
टेनहुनेन म्हणाला, वाकलेली कळत नाही.
तू दांडा ओढत राहतेस, ती तिरपी घुसत राहते,
शंभर पुंगळ्या तिरळ्या करून ठेवते.
मोडलेली तिथल्या तिथे सांगते.
आणि ती मोडते म्हणून दांडी वाचते.

मोडणाऱ्या घेतल्या. दहा.

रात्री, सौनाच्या बाहेरच्या खोलीत,
जिथे टॉवेलांच्या खुंट्यांखाली माझं यंत्र बसवलंय,
बादली पुढ्यात ओढली.
ओइवाची बादली.
तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
एक हरणी त्याच्या हद्दीत पडली की माझ्या,
एवढ्यावरून.
मग सप्टेंबरात पायरीवर ही बादली:
दोनशे चाळीस पुंगळ्या, धुतलेल्या, लखलखीत,
वर चिठ्ठी, "निवडलेल्या. ओ."

निवडलेल्या!
मी टॉर्च लावून एकेकीच्या तोंडात डोकावले.
बहुतेकींच्या तळाशी एकच भोक, मधोमध.
आणि मग ती, जुन्या घडणीची:
दोन बारीक भोकं शेजारी शेजारी,
मध्ये पितळेची टेकडी.
त्या टेकडीवर माझी पिन गेली होती.
पितळ जणू माझ्याकडे बघत होतं.

मुद्दामच, असं वाटलं. तीन वर्षं थांबून
असा सूड, एवढासा.

पण मग दुसरी निघाली. तिसरी. सातवी.
तेही, बाकी सगळं इतकं नीट असताना:
लांबी सारखी, मान सारखी,
एकही चेपलेली नाही, एकही चिरलेली नाही.
बोटांना जे जे कळतं
ते ते सगळं निवडलेलं.

चिठ्ठी पुन्हा दिव्याखाली धरली.
तीन इंचांची अक्षरं,
पहिलीतल्या पोरानं पाटीवर गिरवावीत तशी,
आणि ओळ कागदाबाहेर गेलेली.

अकरा दिवसांनी हंगाम.
चार नंबरच्या मचाणावर ओइवा बसेल,
चाळीस वर्षं तोच बसतो,
आणि दलदलीच्या पलीकडे, त्याच्या समोर,
पाच नंबरवर मी.

नवी पिन बसवली. दांडा ओढला.
टक्. जळकी टोपी जॅमच्या डब्यात पडली.
आणखी एक. टक्.
तिसऱ्याला हात थांबला.

पाच पिना आगपेटीत घातल्या, त्याच्यासाठी,
जायला काहीतरी निमित्त हवं म्हणून.
मग परत काढल्या.
त्याला त्या बसवता यायच्या नाहीत.

फोन भिंतीवर आहे.
त्याचा नंबर तीन वर्षांत विसरले असेन
असं वाटलं होतं. बोटांना पाठ निघाला.
वाजतोय.
मी काय म्हणू? पिनेबद्दल बोलेन आधी.
पिन मोडली म्हणून सांगेन.