चार बोटं किनार

भावू, बीमची रुंदी झोपे सरांनी सांगितली
तेव्हा मी मनातल्या मनात बोटं लावून पाहिली:
चार, आणि वर जरासं.
आमच्या चटईच्या किनारीएवढी.
एमआयडीसीत अठरा वर्षं मी तेवढीच किनार काढतोय,
मशीनशी उभा राहून,
कधी पडलो नाही.
पडायला तिथं काही नसतंच. धागा तुटतो फक्त.

सेकंड मालातली एक चटई घरी आणली होती,
हिरव्याच्या जागी जांभळी किनार पडलेली.
तिच्यावरून तू चालायला लागलीस
ओट्यापासून फ्रिजपर्यंत,
हात पसरून, हनुवटी वर.
तुझी आई ताट घेऊन मधे आली की म्हणायचीस,
'मम्मी, बाजूला हो, खाली दरी आहे.'
ती खरंच वळसा घालून जायची.

पहाटे पाचला मेहरूणचं पाणी काळं असतं.
गाडीवर माझ्या पाठीला गाल लावून तू झोपतेस
आणि मी खड्डे चुकवत जातो, झोप सांडू नये म्हणून.
उठवणाऱ्याचं आडनाव झोपे,
हा विनोद पहिल्या वर्षी आपण रोज करायचो.
आता आठवतो दोघांनाही,
करत कुणी नाही.

पालकांची बाकं भिंतीला लागून.
बोलायचं नाही, हाक मारायची नाही, असा नियम.
तू पडतेस तेव्हा आधी गादीचा आवाज होतो
आणि मग शेजारच्या नेहेतेबाईंच्या बांगड्यांचा.
तू उठून सरांकडे बघतेस.
आमच्याकडे नाही.
मला याचं एकदा वाईट वाटलं.
एकदाच, असं मी तुझ्या आईला सांगितलंय.

डिसेंबरात मामाच्या मळ्यात भरीत होतं.
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती,
सगळ्यांच्या डोळ्यांत धूर.
कळण्याच्या पुऱ्यांची टोपली तुझ्यापाशी आली
आणि तू ती पुढे सरकवलीस, मोठ्या माणसासारखी.
'खाय ना व माय, एक तरी.'
तू माझ्याकडे बघितलंस.
त्या दिवशी माझ्याकडे बघितलंस, भावू,
आणि मी ताटातल्या मिरचीचे देठ मोजत बसलो.

मार्चमध्ये सरांनी मला पायरीवर गाठलं.
'मुलगी उंच होतेय,' म्हणाले,
ताप आहे, असं सांगावं तसं.
विभागीयला दोन महिने राहिलेत, तोल सगळा बदलेल.
मी म्हणालो, 'आमच्या घरात कुणी बुटकं नाही, सर,'
आणि माझ्या तोंडून ते
माफी मागितल्यासारखं निघालं.

त्या रात्री दाराच्या चौकटीवरची तुझी खूण
खोडरबरानं पुसली
आणि एक बोट खाली नवी काढली.
तारीख तीच ठेवली.
असलं काम मला जमतं,
चुकलेला माल पट्टी लावून पास करायचं.

तीन दिवसांनी तू म्हणालीस,
'पप्पा, खूण चुकलीय. मी भूगोलाचं पुस्तक डोक्यावर ठेवून बघितलं.'
बरोबर जागी रेघ मारलीस.
पेनानं.
मग वळून विचारलंस,
'तू किती होतास सहावीत?'
मला माहीत नव्हतं. कुणी मोजलंच नव्हतं.

मे महिना. रात्री अकरालाही भिंती भाजतात.
गच्चीवर तीच जांभळी चटई,
कडेला तू.
झोपेतही तुझी बोटं ताणलेली,
अंगठा पुढे, टाच मागे,
जणू अंधारात कुणीतरी अजून गुण देतंय.
मी तुझं पाऊल हातात घेतलं,
टाचेवर पांढरी पावडर, धुऊनही राहिलेली,
आणि हळूच म्हणालो, झालं, उतर आता.

पाऊल काही ऐकेना.
मग तू कूस बदललीस,
किनार ओलांडून सरळ गरम फरशीवर गेलीस
आणि तिथंच झोपलीस,
तोंड उघडं टाकून.