तपकीर

अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं
निकेलच्या हौदावर वाकून उभा होतो.
नळांना चकाकी आली,
माझं नाक गेलं.
एका दिवसात नाही.
आधी उदबत्ती गेली, मग फोडणी,
मग एकदा दूध करपलं
ते डोळे चुरचुरल्यावर कळलं.

त्यानंतर आली ही कुत्री.
पाथर्डी फाट्यावर पंक्चरवाल्याच्या टायरमध्ये
वेटोळं करून पडलेली.
रंगावरून नाव ठेवलं तपकीर.
नाक नसलेल्याच्या घरी तपकीर!
शेजारच्या पारखेबाई अजून हसतात.

नऊ वर्षं ती माझ्या तोंडाशी तोंड लावून झोपली.
मी म्हणायचो, बघा, केवढी माया.
संध्याकाळी जिन्यात गप्पांना बसणारे
दोन पायऱ्या खाली सरकायचे.
मला वाटायचं, वाऱ्यासाठी.

शेवटी पारखेबाईच बोलल्या, पदर नाकाला लावून:
"भाऊ, रागावू नका,
हिच्या तोंडात काहीतरी मेलंय."

डॉक्टर खैरनार माझ्या मुलीच्या वयाच्या.
विचारतात, वास कसा येतो?
लघवीसारखा उग्र? मग मूत्रपिंड बघू.
गोडसर, पिकल्या फळासारखा? मग साखर.
की नुसता सडका?
मी गप्प.
जन्मभर पोरीच्या प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्याला
वाचताच येत नाही हे उघडं पडावं,
तसा.

मग निघालो तपकीरला घेऊन,
वास वाचून घ्यायला.
पूर्वी लोक पोस्टमनकडून पत्र वाचून घ्यायचे ना.
सुक्या बोंबलाच्या टोपलीशी बसलेली हसीना म्हणाली,
"माझ्या मालावर ढकलू नका हां, चाचा."
द्राक्षांच्या गाडीवरचा निवृत्ती गांगुर्डे वाकला, मागे सरला,
"गोड नाही. गोड असतं तर मला कळलं असतं,"
आणि बिचारीला म्हणून एक घड पुढे केला.
मी त्याचं मनगटच धरलं.
द्राक्ष म्हणजे कुत्र्याला विष, डॉक्टरांनी बजावलेलं.
"नाशकात राहून?" तो म्हणाला.
नाशकात राहून.

निकाल पारखेबाईंनी दिला: सडका.
तेवढा एक शब्द चिठ्ठीवर लिहून नेला.

रक्त तपासलं. मूत्रपिंड ठीक, साखर ठीक.
मग डॉक्टरांनी तिचा ओठ वर उचलला
आणि तिथे मला नाक लागलं नाही.
दाढांवर थर.
थर तर मी बावीस वर्षं चढवलेत.
खालचं साफ नसलं की वरून कितीही चमको,
आतून सुटत जातं, हे मी शिकाऊ पोरांना
ओरडून ओरडून सांगितलंय.

भूल दिली, थर खरवडला,
तीन दाढा काढाव्या लागल्या.
स्टीलच्या ताटलीत वाजल्या त्या.
"दुखत असेल किती दिवस?"
"महिने. कदाचित वर्षसुद्धा."
"पण ती जेवत होती हो."
"जेवतात सगळी," डॉक्टर म्हणाल्या,
आणि हातमोजे काढले.

आता रोज रात्री, बातम्या संपल्या की,
बोटाला ओलं फडकं गुंडाळून सुरुवात,
मग मऊ ब्रश, मग तिची वेगळी पेस्ट.
आपली चालत नाही, तिला थुंकता कुठे येतं?
कोंबडीची चव असते म्हणे.
ती आधी माझी बोटं हुंगते, नखांपर्यंत, सावकाश.
काय काय वाचते कोण जाणे:
दुपारची भाकरी, औषधाची गोळी,
कदाचित अजून थोडं निकेल.
तिला माझं सगळं पाठ.
मला तिचं एक अक्षर आलं नाही नऊ वर्षं.

पारखेबाई हल्ली माझ्याच पायरीवर बसतात.
पदर खांद्यावर.
माझं नाक म्हणजे आता एवढंच,
त्यांचा पदर कुठे आहे ते बघायचं.

परवा त्यांनी तो झटकन नाकाला लावला.
माझ्या पोटात गोळा.
"अहो, सर्दी झालीय मला," त्या म्हणाल्या,
आणि तपकीर उठून
त्यांचं तोंड हुंगायला गेली.