टाकीचं झाकण

जांबोटीच्या अलीकडं तिसऱ्यांदा मेली बुलेट.
कॉक उघडा. कार्बोरेटर कालच धुतलेला,
जेट फुंकून उजेडाला धरून पाहिलेला.
नळी काढली तर पेट्रोल येतं,
थेंब थेंब, मग तेही नाही.

नेमाण्णा मेस्त्री स्टुलावरून उठलाच नाही.
"झाकण सैल कर की, स्वल्प."

फुस्स.
टाकीनं हवा ओढली आत,
विहिरीच्या तळातून वर आलेल्या पोरासारखी.

झाकणाला एक छिद्र असतं.
मीच बुजवलं होतं दसऱ्याला,
चकाकीसाठी मेण घासघासून.

शर्टाच्या तुटक्या बटणाजागची पिन
काढून दिली त्यानं. "टोच."
पैसे नाही घेतले.

कणकुंबीपर्यंत गाडी एकदाही खोकली नाही.
पिन माझ्याच खिशात.
त्याचा शर्ट तसाच उघडा असेल.